दिवस मागणाऱ्या गजभिये सिस्टर

गजभिये सिस्टर भेटल्या की आधी खालची पापणी ओढून डोळा बघायच्या. सौंसरचं बसस्टँड असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचा मांडव. समोरच्यानं नमस्काराला हात जोडायच्या आत त्यांचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली पोचलेला असायचा. "रक्त कमी आहे तुह्यात. पालक खात जाय," असं म्हणून झालं की मग विचारायच्या, "बाकी कसा आहेस?" आमच्या हायस्कूलमध्ये ग्वाल्हेरकडचे नवे प्राचार्य बदलून आले होते. सिस्टरनी भर स्टाफरूममध्ये त्यांचाही डोळा पाहिला. ते बिचारे खुर्चीसकट मागे सरकले. आम्ही कुणी हसलो नाही, कारण आमच्यातल्या प्रत्येकाची पाळी कधी ना कधी येऊन गेली होती.

मोहगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्यांनी नर्सबाई म्हणून सगळी नोकरी काढली. सायकलच्या कॅरिअरला लसींचा निळा डबा बांधून त्या कापसाच्या वावरांमधून जायच्या. आज आमच्या भागात जे तिशी-चाळिशीचे आहेत त्यांतले बरेच त्यांच्या हातात जन्मले, आणि उरलेल्यांना त्यांनी सुया टोचल्या. मी दुसऱ्या गटातला. बाई बुटक्या, आवाज खणखणीत. हातात पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या अंगाला. चालणं असं, की सोबतच्यानं अर्धं धावावं. नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी लग्न होऊन बैतूलला. मोहगावच्या बौद्ध मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर, आणि त्या घराचं दार कधी लावलेलं मी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी जे काम काढलं त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं. लोक आपले 'सिस्टरची सोबत' म्हणायचे. आमचा भाग मध्य प्रदेशात, कारभार भोपाळकडे, पण मोठं दुखणं आलं की आम्ही नागपूर गाठतो. सकाळच्या बसनं सावनेरवरून नागपूर, मग दवाखान्यातली रांग, आणि संध्याकाळी परत. कॅन्सरच्या माणसाला मशिनीवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला असं कित्येक आठवडे रोज जावं लागतं. पहिले चार दिवस घरचं कुणी सोबत जातं. मग कुणाची मजुरी आडवी येते, कुणाची कापूसवेचणी. पेशंट एकटा जायला लागतो, आणि एक दिवस तोही जायचा थांबतो. सिस्टर अशा माणसांना सोबती शोधून द्यायच्या.

माझ्याकडे त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा मी नेहमीसारखा खिशात हात घातला. काही मदत द्यायची, पावती घ्यायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच मला माहीत होतं.

"ठेव ते खिशात," सिस्टर म्हणाल्या. "मी पैसे मांगाले नाही आली. मले तुहा एक दिवस पाहिजे."

"दिवस म्हणजे?"

"दिवस म्हणजे दिवस. सकाळच्या पयल्या बसपासून दिवेलागणीवरी. गुरुवारी नत्थूजीले घेऊन नागपूरले जाचं आहे."

"सिस्टर, शाळा आहे. त्यात परीक्षा तोंडावर..."

"लग्नाले रजा घेतेस, बारशाले घेतेस. मास्तर झाला म्हून लय मोठा झाला का रे विजू? तुह्या मांडीत पयली सुई मी टोचली. तवा बी रडला होतास, आता बी रडूनच राहिला."

सगळी स्टाफरूम हसली. मी गुरुवार दिला.

त्या सकाळी त्या स्वतः बसस्टँडवर आल्या. नत्थूजी संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करणारे. घशाचं दुखणं, त्यामुळे बोलणं जवळजवळ बंद. त्यांना खिडकीशी बसवून सिस्टरनी मला बाजूला घेतलं.

"त्याची फाइल त्याच्याच हाती राहू दे. तू धरू नको. दुखणं त्याचं आहे, कागद बी त्याच्याच हाती पाहिजे. डॉक्टर तुह्याकडं पाहून बोलन, तवा तू नत्थूजीकडं पाह्य. मंग डॉक्टर बी तिकडंच पाह्यते. अन् बरं वाटते का, बरं वाटते का, असं घडी घडी इचारू नको. बरं वाटत नाही म्हूनच तर चालला तो."

मी सगळं तसंच केलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. रांगेत उभं राहायचं, पाण्याची बाटली सांभाळायची, नंबर पुकारला की उठायचं. मला वाटलं, यात मी काय केलं? परतीच्या बसमध्ये सावनेर मागे पडल्यावर नत्थूजी खरखरत्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, आज कोणी मले बाजूले सरक म्हणलं नाही." दिवसभरात ते बोललेलं एवढं एकच वाक्य.

सौंसरला उतरलो तर सिस्टर स्टँडवर हजर. सोबतीला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसायची. नत्थूजींचा मुलगा त्यांना घेऊन गेला आणि आम्ही दोघं टपरीवर चहाला थांबलो. मी विचारलं, "सिस्टर, हे सगळं सुचलं कसं तुम्हाला?"

त्या कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"आमच्या मोहगावची शेवंता. तिचे तिन्ही बाळंतपणं माह्या हातचे. तिच्या छातीतली गाठ मीच पयले पाह्यली, मीच नागपूरले पाठोली. पाठोली अन् मोकळी झाली. काही दिवसानं रस्त्यात भेटली. म्हणलं, झाले का वं शेक? हो म्हणे. अर्धे बी झाले नव्हते, विजू. नवऱ्याले वावर सोडता येत नव्हतं. तिनं कधी सावनेर पाह्यलं नव्हतं, एकटीले भेव वाटे. अन् मले सांगाची तिले लाज वाटली. मी तिचा डोळा पाह्यला, पण कागद नाही पाह्यला."

"मग?"

"मंग काय. उन्हाळ्यात गेली."

तो चहा त्यांनी तसाच ठेवला. शेवंताचं नाव पुन्हा कधी त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. पण त्यानंतर त्या कुणाला दिवस मागताना दिसल्या की मला त्यांच्या आवाजातल्या दटावणीखाली दुसरंच काहीतरी ऐकू यायचं.

त्या सगळ्यांकडे मागायच्या. न्हावी, पोस्टमन, कापूस जिनिंगमधले हमाल, कॉलेजात शिकणाऱ्या मुली, भजी तळणारा. कुणाचा दिवस कोणता हे कुठे लिहिलेलं नसे, सगळं तोंडपाठ. दिवस देऊन जो आला नाही त्याच्याशी मात्र त्या फार कडक वागायच्या. एका शिंप्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं, तर वर्षभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो येऊन पाया पडला, तरी नाही. हा त्यांचा हट्ट मला पटायचा नाही. तसं एकदा म्हटलंही. "तो नाही आला त्या दिवशी पेशंट तासभर स्टँडवर वाट पाहून घरी गेला," त्या म्हणाल्या. "त्या तासाचं काय करू मी?"

पांढुर्ण्याचे प्रकाशसेठ संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांचं मूळ घर मोहगावच्या जवळच्या खेड्यातलं, आणि त्यांचा जन्मही सिस्टरच्या हातचा. सिस्टर तेव्हा नोकरीत नव्या होत्या. अडलेली बाई त्यांनी सुखरूप सोडवली. घरात पेढे वाटले गेले, आणि सिस्टरला चहा मिळाला तो गोठ्याजवळ, वेगळ्या कपात. पिऊन झाल्यावर कप धुऊन पालथा घालायला सांगितलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "कप चांगला होता. निळ्या फुलाचा."

तर या प्रकाशसेठांनी सोबतीसाठी चेक देऊ केला. सिस्टरनी तो घेतला नाही. "प्रकाश, दिवस दे," म्हणाल्या. सेठनी हो म्हटलं आणि ठरल्या दिवशी दुकानातला गडी पाठवला. सिस्टरनी त्याला चहा पाजून परत धाडला, वर निरोप दिला: "याचा दिवस याचा आहे. त्याले वाटन तवा तो देईन. तुहा पाठव."

सेठ चिडले. पण पुढच्या आठवड्यात स्वतः आले, पांढरे शुभ्र कपडे घालून. सिस्टरनी त्यांना कौसल्याबाईंसोबत दिलं. कौसल्याबाई सिस्टरच्या मोहल्ल्यातल्या, दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणाऱ्या विधवा बाई. सावनेरच्या अलीकडे त्यांना बसमध्ये उलटी झाली, ती सगळी सेठच्या अंगावर. पुढचं कौसल्याबाईंनीच मला सांगितलं. "मी तर मेलीच जी शरमेनं. म्हणलं, आता हा माणूस मले इथंच उतरवून देते. त्यानं सावनेरच्या स्टँडवरच्या नळाचं पाणी आणलं. आधी मले चूळ भराले देल्लं. मंग सोताचा सदरा धुतला अन् वल्लाच घालून बसला."

संध्याकाळी सेठनी कौसल्याबाईंना घरापर्यंत पोचवलं. बाईंनी संकोचत संकोचत चहा विचारला. सेठ चपला काढून आत गेले, चुलीजवळच्या पाटावर बसले आणि चहा पिऊन आले. मोहल्ल्यात दोन दिवस हीच चर्चा. सिस्टरच्या कानावर मी ही गोष्ट मोठ्या कौतुकानं घातली. त्या तेव्हा तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळचं काय म्हणला तो?"

"दर महिन्याचा पहिला मंगळवार माझा, म्हणाले."

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा खडे काढायला लागल्या.

दोन वर्षांनी माझ्या वडिलांवर तीच वेळ आली, रोज शेकाला नागपूर. मी त्यांच्यासोबत जायचो, पण रोजची रजा मिळेना. बाबा तर पहिल्या दिवशीच मशिन पाहून घाबरले होते. "मी नाही जात आता. जे होईल ते घरीच होऊ दे," असं त्यांनी सांगून टाकलं. मी सिस्टरकडे गेलो नाही. मागायची सवय त्यांना होती, मला नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात माणूस उभा. नत्थूजी! अंगावर धुतलेला सदरा, गळ्याला मफलर. आवाज खरखरीतच, पण आता बोलत होते.

"चाला दादाजी," ते बाबांना म्हणाले. "त्या टेबलावर मी बी झोपलो होतो. काही नाही होत. मशीन नुसती घुंई घुंई करते. डोळे मिटून आपल्या बगीच्यातले झाडं मोजाचे. माहे चाळीस झाले का ते उठवत."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन टोपी घालून आले. त्यानंतर एकाही दिवसाचा त्यांनी खाडा केला नाही. बाबा आज आहेत. सकाळी अंगणात बसून पेपर मोठ्यानं वाचतात आणि मला त्याचा त्रास होतो. हा त्रास मला नत्थूजींनी आणि सिस्टरनी दिलेला आहे, आणि रोज सकाळी मला त्याची आठवण होते.

गाडीचा विषय निघाला तो एक म्हातारी बसच्या पायरीवरून पडली तेव्हा. लोक म्हणाले, सिस्टर, आपली एक गाडी पाहिजे. सिस्टर आधी तयार होईनात. "गाडी आली का लोक म्हणतीन, गाडी आहे ना, मंग माणूस कायले पाहिजे?" शेवटी सोबतीशिवाय गाडी हलवायची नाही, या अटीवर त्या राजी झाल्या.

गाडीसाठी वर्गणी गोळा करायची त्यांची रीतही वेगळीच. ज्याचा संत्र्याचा बगीचा आहे त्यानं एक झाड द्यायचं. त्या झाडाला पांढरी चिंधी बांधायची, आणि मृगबहाराची त्या झाडावरची फळं सोबतीची. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत बगीच्यांमधून चिंध्या दिसायला लागल्या. ज्यांच्याकडे झाड नव्हतं त्यांनीही काही ना काही धरलं. मजूर बायांनी तोडणीचा एक दिवस दिला. गाडीवाल्यांनी एक खेप फुकट कबूल केली. कौसल्याबाईंच्या दारात एकच लिंबाचं झाड, तर त्यांनी त्याला चिंधी बांधली. लोक हसले. सिस्टर म्हणाल्या, "हसून नका राहू. लिंबू कायले वाया जाते का?"

तोडणीला आठ दिवस उरले असताना गारपीट झाली. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि वीस मिनिटांत बगीच्यांखाली केशरी सडा. लोकांच्या सालभराच्या मेहनतीचं ते नुकसान. त्यात सोबतीच्या झाडाचं नाव कोण काढणार? दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "चाल माह्यासंग. लोकायले सांगून येऊ, का तुमी शब्दातून मोकळे झाले."

पहिल्याच बगीच्यात आम्ही गेलो तर मालक डोक्याला हात लावून बांधावर बसलेला. सिस्टर त्याच्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "तुहं झाड तुले वापस केलं बापा. आपण पुढच्या साली पाहू."

तो उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात क्रेट होतं. "झाड तर तुमचंच आहे सिस्टर," तो म्हणाला. "फळं खाली पडले, एवढंच. रसवाले घेतात मार खाल्लेला माल. तुमचा अन् माहा संगच उचलू."

सिस्टरनी पदर खोचला आणि त्याच्याबरोबर फळं वेचायला लागल्या. त्या दिवशी आम्ही पुढे कुठेच गेलो नाही, जायची गरज पडली नाही. बातमी आमच्या पुढे गेली होती. संध्याकाळपर्यंत ठिकठिकाणच्या बगीच्यांत बाया-माणसं वाकलेली होती. मालकांचा माल आणि सोबतीचा माल एकत्रच वेचला गेला, आणि प्रकाशसेठांनी तो सगळा नागपूरच्या रसवाल्यांकडे पोचता केला. नवी गाडी काही आली नाही. जुनी आली, एका दाराला पोचा पडलेली. तिच्यात पेशंट झोपून जाऊ शकत होता. सिस्टर त्या गाडीत कधीच पुढे बसल्या नाहीत, मागे पेशंटच्या उशाशी बसायच्या.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तिथं समाजकार्य करणाऱ्यांचा एक सत्कार झाला. सिस्टरना मंचावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. शाल घातली, श्रीफळ दिलं. जिल्ह्याचे मोठे साहेब हिंदीत म्हणाले, "माताजी, दो शब्द बोलिए."

सिस्टरनी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. "साहेब, शाल एक देल्ली तुमी, अन् माणसं इतके आहेत. तुकडे करू का?" मग मंडपाकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "ज्यायनं ज्यायनं दिवस देल्ला, उभे राहा."

आधी कुणी हलेना. मग मागच्या रांगेत नत्थूजी उभे राहिले. न्हावी उभा राहिला. भजीवाला दाराशी होता, तो हात पुसत आत आला. कॉलेजच्या मुली, तोडणीच्या बाया, प्रकाशसेठ. पोलिसांतला एक जण बंदोबस्तावर होता, त्यानं नुसता हात वर केला. मीही मंचाच्या पायरीशी होतो, तिथंच सरळ झालो. बसलेली माणसं मान वळवून वळवून बघत होती. आपल्या शेजारी इतकी वर्षं कोण बसत होतं, ते त्यांना तेव्हा कळत होतं. टाळ्या वाजल्या त्या सिस्टरसाठी नव्हत्या, आणि सिस्टरना तेच हवं होतं.

टाळ्या थांबल्यावर त्या साहेबांकडे वळल्या. "आता तुमचा एक दिवस द्या साहेब."

साहेब हसले. "ज़रूर, ज़रूर. बुलाइए कभी."

"कभी नाही जमत. तारीख सांगा."

सिस्टर माइक सोडायला तयार नाहीत. साहेबांनी शेजारच्या बाबूला काहीतरी विचारलं आणि एक शनिवार सांगितला. त्या शनिवारी ते आले, साध्या कपड्यांत, सरकारी गाडी न घेता. सिस्टरनी त्यांचाही डोळा पाहिला आणि फाइल कुणाच्या हातात ठेवायची ते समजावलं.

पुढे सिस्टरचे गुडघे थकले. जिना नको, बस नको, अशी वेळ आली तेव्हा मुलगी त्यांना बैतूलला न्यायला आली. तिकडेच गेल्या पावसाळ्यानंतर त्या वारल्या, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. सोबत चालू आहे. कॉलेजच्या ज्या मुली त्या सत्काराला उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्या दोघी आता दिवस मागत फिरतात. त्यांच्यातली एक तर सिस्टरपेक्षा कडक आहे.

मला सिस्टर शेवटच्या दिसल्या त्या पांढुर्णा स्टेशनवर. त्यांनी गाडीची वेळ कुणाला सांगितली नव्हती. मुलीनं मला फोन केला म्हणून मी सामान चढवायला गेलो. सामान तरी काय, दोन पिशव्या आणि एक वळकटी. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. बाबांबद्दल, त्या पहिल्या गुरुवारबद्दल. गाडी यायला पाच मिनिटं होती तेव्हा मी सुरुवात केली, आणि नेमकी वर घोषणा सुरू झाली.

"काय म्हणलास?" त्यांनी कानामागे हात धरला.

"सिस्टर, तुमचे उपकार..."

"ऐकू नाही येऊन राहिलं रे."

"काही नाही," मी ओरडून म्हणालो. "तब्येतीला जपा."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. आज मला वाटतं, त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

गाडी आली. मी आणि त्यांच्या मुलीनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून डब्यात चढवलं, खिडकीची जागा मिळाली. पिशव्या बाकाखाली सरकवून मी खाली उतरलो आणि त्यांच्या खिडकीशी आलो, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. समोरच्या बाकावरची एक तरुण बाई तान्ह्या बाळाला काखेत धरून एका हातानं ट्रंक ओढत होती. सिस्टरनी काही न विचारता हात पुढे केले. बाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बाळ देऊन टाकलं. गाडी हलली. मी हात वर केला, दोन-चार पावलं चाललोही. सिस्टर खिडकीत मान खाली घालून बसल्या होत्या. एक तळवा बाळाच्या मानेखाली, दुसरा पाठीवर, आणि ओठ हलत होते. त्या बाळाला काय सांगत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.